सत्तेचाळीस नंबर

वैजयंतीनं पुन्हा एफ-फाइव्हचं बटण दाबलं. पान पांढरं झालं आणि वरून खाली सावकाश भरत आलं. मंचरच्या त्या नेटकॅफेत एकच पान इतक्या वेळा कुणी उघडलं नसेल.

"आला का?" शेजारच्या स्टुलावरून लंकाबाईंनी विचारलं.

"नाय अजून, आई."

पुणे-नाशिक सायकल शर्यत सकाळी सुटली होती. वाटेत ठरावीक नाक्यांवर माणसं बसली होती. समोरून गेलेल्या सायकलवाल्याचा नंबर ती पुण्याला फोनवर कळवायची आणि तो लगेच इंटरनेटवर चढायचा. सत्तेचाळीस नंबर म्हणजे गोकुळ, वैजयंतीचा धाकटा भाऊ. मंचरच्या नाक्यावरून तो पाचवा गेला. मायलेकींनी रस्त्याकडेला उभं राहून त्याला हात केला आणि मग धावतपळत इथं येऊन बसल्या. पुढचा नाका आळेफाट्याचा. तिथले पहिले तिघं यादीत लागले, मग आणखी काही, मग मंचरला गोकुळच्या पार मागं असलेलेही लागले. सत्तेचाळीस काही लागेना.

मघाशी एक ॲम्ब्युलन्स भोंगा वाजवत शर्यतीच्याच वाटेनं नारायणगावच्या अंगाला गेली होती. तेव्हापासून लंकाबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या आणि सोडत होत्या. त्या भ्यायल्या होत्या, आणि वैजयंतीही भ्यायली होती. फोन करावा तर गोकुळनं मोबाइल घरीच ठेवलेला.

दार ढकलून वैजयंतीचे वडील, गेणभाऊ, आत आले, दोन्ही हात पैरणीच्या खिशात घालून. या माणसाचा सगळा जीव बैलगाड्यात. अवसरी बुद्रुकला त्यांच्या बैलांचं नाव होतं, आणि बैलांवर भंडारा उधळल्याशिवाय त्यांनी गाडा कधी शर्यतीला सोडला नव्हता. पोरानं गाड्याचा नाद सोडून सायकल धरली तेव्हा, 'टायरला कुणी भंडारा लावतं का?' एवढंच ते बोलले होते. त्यानंतर त्यांनी सायकलीचा विषय काढला नाही आणि कुणाला काढूही दिला नाही.

"तुमी तर मार्केटला गेला व्हता ना?" लंकाबाईंनी विचारलं.

"झालं काम." हनुवटीनंच त्यांनी मॉनिटरकडं खूण केली. "काय म्हणतंय त्ये?"

"गोकुळ लागंना, तात्या," वैजयंती म्हणाली. "त्याच्या मागचे समदे आळेफाट्याला लागले."

गेणभाऊंचा चेहरा उतरला.

"लागंना म्हंजी? आत्ता तर चांगला..."

वैजयंतीनं बटण दाबलं. या खेपेला यादीत तिसऱ्या आणि चौथ्याच्या मध्ये एक नवी ओळ घुसली होती. तिच्यात नाव नव्हतं, नंबरही नव्हता. नुसतं इंग्रजीत काहीबाही लिहिलेलं. तिनं ते मनात वाचलं, परत वाचलं, मग आईसाठी मराठीत सांगितलं.

"चौथा. नंबर वाचता येत नाही. छाती, पाठ, सायकल, सगळं पिवळं. कुणाला ओळखू आल्यास कळवावं."

लंकाबाईंना काहीच उमगेना. वैजयंती मात्र वडिलांच्या खिशांकडं बघत होती. खिशांच्या कडा हळदीच्या झाल्या होत्या.

"तात्या, हात बघू."

गेणभाऊंनी हात बाहेर काढले. मनगटापर्यंत भंडारा, नखांतही भंडारा.

"हितनं फुडं, कळंबला उभा व्हतो," ते जमिनीकडं बघत म्हणाले. "तिथं चढ हाय, सायकली हळू व्हत्यात. तोंडावर नाय टाकला. डोळ्यात गेला असता."

"किती टाकला?"

"पिशवी व्हती."

घामेजलेल्या अंगावर पिशवीभर हळद. छातीवरचा नंबर गेला, पाठीवरचा गेला, सायकलीवरचाही गेला. अवसरीचा बैल ओळखायला नंबर लागत नाही, पण आळेफाट्याच्या नाक्यावर बसलेल्यांना ते काय ठाऊक!

"म्हंजी पोरगं धड हाय ना?" लंकाबाईंनी विचारलं.

"धड हाय, आई. आणि चवथा हाय."

लंकाबाईंनी पदर तोंडाला लावला. पदराआड त्या रडत होत्या की हसत होत्या ते त्यांनाच माहीत. वैजयंतीच्या छातीवरचा धोंडा उतरला आणि तिला एकदम तहान लागल्याचं जाणवलं.

पण नंबर कळला नाही तर पोराला बाद धरतील. पानाच्या तळाशी शर्यतवाल्यांचा फोन होता. कॅफेवाल्या अमृतनं काही न विचारता टेबलावरचा फोन पुढं सरकवला. वैजयंतीनं नंबर फिरवला आणि रिसिव्हर वडिलांपुढं धरला.

"मी काय बोलू? तू सांग की."

"भंडारा तुमचा, तुमीच सांगा."

गेणभाऊंनी रिसिव्हर दोन्ही हातांनी धरला.

"हॅलो. अवसरी बुद्रुकचा गेणभाऊ बोलतोय, मंचरवरनं. त्ये आळेफाट्याचं पिवळं पोरगं... व्हय, व्हय, त्येच. आमचं हाय त्ये."

पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. नंबर सांगायला वैजयंती पुढं झुकली.

"सत्तेचाळीस," गेणभाऊ तिच्याआधी बोलून गेले.

घरात त्यांना तो नंबर कुणी सांगितला नव्हता. सांगायची कुणाची हिंमतच झाली नव्हती.

रिसिव्हर खाली ठेवून त्यांनी रिकामं स्टूल ओढलं आणि मायलेकींच्या मध्ये सरकवून बसले.

"संगमनेर किती लांब ऱ्हायलं त्याला?" त्यांनी विचारलं. मग लेकीची वाट न बघता पिवळं बोट बटणांवर फिरवलं. "कुठलं गं त्ये? मी दाबतो."