साहेबाच्या देवाची सुट्टी

“शुक्रवारी ट्रॉली न्हाय,” बलभीमनं दारातूनच सांगितलं, आणि पुरण वाटणाऱ्या बायकोचा, सिताबाईचा हात पाट्यावरच थांबला.

“आज होळी. अन् सायबाचा देव आत्ताच मेला? मग आपल्या चुनखडीच्या जत्रंला कोणती सुट्टी ऱ्हायली?”

येडशी स्टेशनावर बलभीम ट्रॉलीवाला होता. रूळ तपासणाऱ्या गोऱ्या साहेबाला ट्रॉलीत बसवायचं आणि चौघांनी अनवाणी रुळावरून पळत ती ढकलायची, हे त्याचं सत्तावीस वर्षांचं काम. गावात अंमल निजामाचा, रुळांवर मात्र गोऱ्या कंपनीचा. त्यामुळं निजामाच्या कचेरीतला शिपाई बंडप्पा दर शुक्रवारी सुट्टी म्हणून शेजारच्या ओसरीवर पाय पसरून बसे, आणि बलभीमला वर्षातून एकच शुक्रवार मिळे, साहेबाचा देव सुळावर गेला तो. रविवारी तो देव उठला, की त्या आनंदात सोमवारी आणखी एक सुट्टी. शिवाय नाताळ आणि विलायतेतल्या राजाचा वाढदिवस. पोळा, दिवाळी रुळावरच जायची. त्याची काही तक्रार नव्हती. सुट्टी कुणाच्याही देवाची असो, घरची भाकरी तेवढीच गोड लागते, असं तो म्हणायचा.

येरमाळ्याच्या येडाई देवीची जत्रा चैत्री पुनवेला. दुसऱ्या दिवशी आमराईजवळच्या रानात चुनखडीचे पाच खडे वेचून ढिगावर टाकायचे असतात. गेल्या साली तो दिवस आणि साहेबाचा ईस्टर एकाच रविवारी आले होते, पण नेमकी सिताबाई तापानं फणफणलेली. पुढं लेक कडूबाई बाळंतपणात अडली, तेव्हा सिताबाई देवीला बोलली, लेक सुटली तर जोडीनं खडे वेचू. लेक सुटली, नातू झाला. बलभीमनंही छातीठोकपणे सांगून टाकलं होतं, “सायबाची सुट्टी जत्रंतच येती. जाऊ की जोडीनं.”

आता सुट्टी आली शिमग्यात आणि जत्रा राहिली महिनाभर पुढं.

“रजा मागा,” सिताबाई म्हणाली.

“मागायची कशी, त्ये तरी ठावं हाय का मला?”

“तोंडानं.”

खरंच, सत्तावीस वर्षांत त्यानं कधी रजा मागितली नव्हती. रजा मागणं म्हणजे कामचुकारपणा, ही त्याची पक्की समजूत. घोडं अडलं ते तिथं. पाडवा गेला, पुनव चार दिवसांवर आली, तरी त्याचं तोंड उघडेना. सिताबाई रोज विचारायची, तिनंही विचारणं सोडलं. ते तर त्याहून वाईट.

शेवटी ढोकीच्या वाटेवर ट्रॉली लिंबाखाली थांबली, तेव्हा तो घाम पुसत साहेबापुढं उभा राहिला.

“सायब, एक दिन की रजा होना.”

“क्यों? बीमार है?”

“नै सायब. हमारा... हमारा ईस्टर है.”

साहेबानं तोंडातला पाईप काढला आणि तो पोट धरून हसला. “ईस्टर तो एक महीना पहले हो गया!”

“तुमारा देव जल्दी किया, सायब. हमारी देवी चैत मेंच आती.”

“कितना साल नौकरी किया तुम?”

“सत्ताईस.”

“कभी छुट्टी मांगा?”

“नै. तुमारे देव की थी सो खाया.”

साहेब हसायचा थांबला. डायरी काढून त्यानं त्या तारखेवर लाल पेन्सिलीनं गोल काढला. परतीला बलभीम असा काही पळत सुटला, की बाकीच्या तिघांची दमछाक झाली.

येरमाळ्याच्या रानात पाय ठेवायला जागा नव्हती. गर्दीत ताटातूट नको म्हणून सिताबाईनं त्याच्या उपरण्याचं टोक मुठीत धरलेलं. दोघांनी वाकून पाच-पाच खडे वेचले, ढिगावर टाकले. सिताबाईनं डोळे पुसले.

तेवढ्यात तिनं पुन्हा वाकून एक खडा उचलला आणि त्याच्या हातावर ठेवला.

“पाच झालं की गं.”

“ह्यो सायबाच्या देवाचा. सत्तावीस वर्सं त्याच्या सुट्ट्या खाल्ल्या. त्याला कंदी हळदीकुंकवाचं बोट तरी लावलं का तुमी?”

त्या देवाला नमस्कार कसा करतात, ते बलभीमला माहीत नव्हतं. त्यानं डोक्याचा पटका नीट केला, खडा कपाळाला लावला आणि अलगद टाकला. ढिगावरून थोडा घरंगळत जाऊन तो बाकीच्या खड्यांत बसला.