दाराच्या आतलं लेबल

रॉलिन्सच्या पंपावर वारा असा होता की आर्लीनला गाडीचं दार दोन्ही हातांनी ढकलावं लागलं. अजून अर्धं वायोमिंग मागे पडायचं होतं, ॲरिझोना तर कुठल्या कुठे, आणि ती आत्ताच थकली होती. घर विकून झालं होतं. यापुढे घर म्हणजे मागं जोडलेला तो पांढरा ट्रेलर, ही मर्लची हौस. एकेचाळीस वर्षांच्या संसारात त्याच्या हौशींना नाही म्हणायची तिची ताकद संपली होती, म्हणून ती हो म्हणाली होती.

फक्त एका गोष्टीवर ती अडून बसली होती. पिकअपच्या दाराच्या आतल्या बाजूला, चालकाच्या खांद्याशी, एक लेबल चिकटवलेलं होतं. गाडीत माणसं आणि सामान मिळून किती पौंडांच्या वर जाऊ नये ते त्यावर छापलेलं. ट्रेलरची दांडी गाडीच्या मागच्या हुकावर जो भार टाकते, तोही त्यातच धरायचा. मर्लनं पाहिली होती ती जाहिरात. गाडी किती ओढते ते जाहिरातीत असतं, किती पेलते ते दारात. तिनं हे तीनदा सांगितलं होतं. पालथ्या घड्यावर पाणी.

"विकणारा म्हणाला ना, आरामात ओढेल!" मर्ल म्हणायचा.

"तो विकणारा आहे, मर्ल. तो आपल्याबरोबर उतारावर येणार नाहीये."

शेवटी कटकट मिटावी म्हणून तो वजनकाट्यावर जायला कबूल झाला. पुढं बऱ्याच गाड्या होत्या. आर्लीन तोंड धुवायला आत गेली आणि येताना कॉफीचे दोन पेले घेऊन आली. तोवर मर्ल हातात चिठ्ठी नाचवत समोर.

"बघ! चाळीस पौंड शिल्लक! उगीच जीव खाल्लास माझा."

तिनं चिठ्ठी वाचली. दारातल्या दुसऱ्या लेबलावर भरल्या पिकअपच्या वजनाची मर्यादा होती, तीही तिला आता पाठ होती. हिशेब बरोबर होता.

"काट्यावर गाडी होती तेव्हा मी कुठं होते रे?"

मर्लचं हसू जागच्या जागी थांबलं. "तू... आत होतीस."

"मग मी चालत येऊ का ॲरिझोनाला?"

"अगं, तुझं वजन ते काय!"

"बस गाडीत. मला घेऊन कर वजन."

दुसरी चिठ्ठी आली. सव्वाशे पौंड जास्त. आपलं वजन असं कागदावर छापून आलेलं पाहून इतर कुठल्याही दिवशी ती लाजली असती. आज तिला लाजायचाही कंटाळा आला होता.

"मागं न्यायचं थोडं," मर्ल म्हणाला. "पिकअपमधलं जड सामान ट्रेलरच्या शेपटाकडं टाकलं की दांडी हलकी होते. सगळे तेच करतात."

"आणि मग या वाऱ्यात शेपूट हलायला लागलं की सगळे खड्ड्यात जातात."

हे त्यालाही ठाऊक होतं. पिकअपच्या मागच्या भागात त्याचं सारं वर्कशॉप होतं: पान्यांची लोखंडी पेटी, लोखंड आवळून धरायचा वडिलांचा शेगडा, जनरेटर, लाकूड कापायचं यंत्र. शेगड्याला कसलं तरी काम पडेल अशी जागा ॲरिझोनात ते राहणार होते त्या ट्रेलरतळावर नव्हतीच. मर्लनं एका एका वस्तूवर हात ठेवला, जनरेटरचं झाकण पुसलं, पेटी जरा हलवून पुन्हा तिथंच सारली. यातली कुठलीच वस्तू त्याला इथं पंपावर सोडवेल असं त्याच्या चेहऱ्यावरून दिसेना.

आर्लीन बघत उभी राहिली. आणि मग, का कोण जाणे, तिच्या तोंडून निघून गेलं, "मी बसनं केंड्राकडं जाते. लॅरमीला. तू हो पुढं."

तिला जायचं नव्हतं. लेकीच्या घरी पाहुणी म्हणून हिवाळा काढण्यापेक्षा ट्रेलरमध्ये याची बडबड ऐकणं तिला परवडलं असतं. त्यानं फक्त एवढं म्हणावं, "वेडी की काय? तुझ्याशिवाय कशाला जायचं?" एवढ्या एका वाक्यावर ती पुढचं सगळं आयुष्य चाकांवर काढायला तयार होती.

मर्ल वळला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, तेही वाऱ्यानंच.

"बस किती वाजता असते?" त्यानं विचारलं.

"आत विचारते."

"तसं केलं तर जमेल गं," तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात सुटका होती, लपवायचंही त्याला सुचलं नाही. "तिकडं जागा लावून घेतो, मग तू ये सावकाश. वसंतात."

"हो. वसंतात."

राग यायला हवा होता. आला नाही. इतक्या वर्षांत रागाचा इतका वापर झाला होता की आता तळ लागला होता. तिनं कॉफीचा गार झालेला पेला कचऱ्यात टाकला.

मर्ल लगबगीनं मागं गेला, शेगडा आणि पेटी यांच्या मधून वाकून त्यानं तिची बॅग ओढून काढली आणि हळूच जमिनीवर ठेवली.

"हलकीच आहे की," तो म्हणाला.

त्या गाडीतून सबंध दिवसात त्यानं उतरवलेली ती पहिली वस्तू होती.