रेडिएटरचं झाकण

“इकडे ये, शके. वेणी दे.”

मी वरच्या गॅलरीत ओल्या चादरी पिळत होते. खाली अंगणात पिकअपचं बॉनेट उघडं होतं, जमिनीवर काळ्या तेलाची परात होती आणि तिच्या पलीकडे माझे थोरले दीर पुंडलिकराव हात पुढे करून उभे होते. शकुताई, म्हणजे माझी थोरली जाऊ, हातातलं काम सोडून दोन पावलं पुढे गेली आणि तिने खरोखर आपली वेणी त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती मनगटाला एक वेढा देऊन ओढली. दुसऱ्या हातात फिल्टर खोलायचा पट्ट्याचा पाना होता. तो तिच्या खांद्यावर बसला, दंडावर बसला, पुन्हा खांद्यावर. चौथा फटका तोंडावर आला.

“नव्या फिल्टरमध्ये डिझेल भरलं का आधी? हवा घेईल नं गाडी!”

“भरलं.” तिच्या ओठातून रक्त येत होतं.

“मग आवाज काहून नाही दिला?”

आवाज द्यायचा हा त्यांच्या सर्व्हिसिंगचा नियम होता. पुंडलिकराव फॅक्टरीत तीस वर्षं फिटर, लष्कराच्या ट्रकांवर हात बसलेला माणूस. रिटायर झाल्यावर त्यांनी ही जुनी डिझेल पिकअप घेतली आणि तिला कधी मिस्त्रीचा हात लागू दिला नाही. तेल, फिल्टर, ब्रेकचं ऑइल, सगळं रांझीच्या आमच्या या अंगणातच. तीन वर्षांपूर्वी साखरेने त्यांचे डोळे गेले. उजेड-अंधार तेवढा कळतो. बोटांची जाणीवही गेली, चहाचा कप गरम आहे की गार हेसुद्धा विचारावं लागतं. तेव्हापासून हात शकुताईचे आणि हुकूम त्यांचे. तिने प्रत्येक काम मोठ्याने सांगायचं, ‘ड्रेन नट मोकळा’, ‘जुनी रिंग काढली’, आणि त्यांनी ‘हो’ म्हटल्याशिवाय पुढे जायचं नाही. फॅक्टरीत म्हणे असंच चालायचं.

न दिसणाऱ्या माणसाने मारायचं कसं, याचीही त्यांनी युक्ती काढली होती. आधी वेणी हातात घ्यायची, म्हणजे बाई कुठे आहे ते कळतं.

मी तिला एकदा चिडून विचारलं होतं, “शकुताई, त्यांना दिसत नाही. तू दोन पावलं मागे सरकली तर हवेत मारत बसतील नं! जातेस काहून जवळ?”

“मागे सरकले की जास्त चिडतात,” ती म्हणाली आणि भाजी चिरत राहिली. मला तिचाही संताप आला होता. खरं सांगायचं तर माझा स्वतःचाच जास्त आला होता, कारण खाली आवाज सुरू झाला की मी आजवर काय केलं? टीव्हीचा आवाज वाढवला. माझे यजमान श्रीपाद तर सरळ चप्पल घालून बाहेर पडायचे. मोठ्या भावापुढे त्यांची जीभ कधी उचलली नाही.

त्या दिवशी मात्र गोष्ट वेगळी होती, आणि तिला कारण गाडीची चावी.

डोळे गेल्यावर पिकअप वर्षभर उभी होती. मग शकुताईने वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी गाडी शिकून लायसन काढलं. विजय नगरच्या होस्टेलमधल्या मुलींना ती डबे द्यायची, आधी रिक्षाने वीस, आता गाडीने साठ. सकाळी साडी खोचून ती स्टिअरिंगवर बसली की कोणी वेगळीच बाई वाटायची. एरवी मान खाली घालून चालणारी ही, रस्त्यात आडव्या येणाऱ्या स्कूटरवाल्याला “अबे, मरना है क्या?” म्हणताना मी माझ्या कानांनी ऐकलंय. मला इतकं हसू आलं होतं, आणि किती बरं वाटलं होतं.

पण चहाच्या टपरीवर कोणीतरी पुंडलिकरावांना म्हणालं, “भाई साहब, भाभीजी तो ड्राइवर बन गईं, आप अब क्लीनर हो गए क्या?” सगळे हसले. ते हसू घेऊन ते घरी आले होते. मे महिना, त्यात रविवार. सर्व्हिसिंगची काहीच घाई नसताना त्यांनी शकुताईला, डबे पोचवून आल्या आल्या, गाडीला जुंपलं.

ओठ पदराने दाबून तिने काम पुरं केलं. नवा डिझेल फिल्टर बसवला, आतली हवा काढायला वरचा छोटा पंप अंगठ्याने दाबत राहिली. “बुडबुडे संपले.”

“हो. चालू कर.”

गाडी एका दमात सुरू झाली. तिने वाकून खाली पाहिलं. “गळती नाही.”

“हो. राहू दे चालू.”

दहा-पंधरा मिनिटं इंजिन घरघरत होतं. मग त्यांनी ते बंद करायला लावलं आणि हात पुढे केला. “चाबी दे.”

तिने दिली. त्यांनी ती शर्टाच्या खिशात टाकून वरून थोपटली.

“उद्यापासून गौतम चालवेल. बोललो मी त्याच्याशी. तू डबे भरून देत जा.” गौतम म्हणजे मागच्या गल्लीतला ड्रायव्हर.

“माझं लायसन आहे,” शकुताई म्हणाली.

मी चादर तशीच हातात धरून उभी राहिले. तीस वर्षांत तिने त्यांना दिलेलं हे पहिलं उत्तर असावं.

“काय म्हणाली?”

“गाडी मी चालवते. मीच चालवीन.”

या वेळी त्यांनी वेणी मागितली नाही. आवाजाच्या दिशेने झेपावले, हाताला लागलं ते धरलं आणि तिचं डोकं मडगार्डवर आपटलं. एकदा, दोनदा. पत्र्याचा आवाज शेजारच्या घरापर्यंत गेला असेल, पण कुणाचं दार उघडलं नाही. ती खाली बसली तेव्हा त्यांनी लाथ घातली. ती परातीला लागली आणि काळं तेल तिच्या साडीवर, फरशीवर, सगळीकडे पसरलं. मग ते धापा टाकत खुर्चीवर बसले आणि म्हणाले, “पाणी आण.”

तिने पाणी आणलं. कपाळावर हे एवढं टेंगूळ, साडी तेलाने भिजलेली, आणि तिने पेला त्यांच्या हातात नीट बसवला. मी जिना उतरून खाली जायला हवं होतं. नाही गेले.

आता फक्त रेडिएटरचं पाणी बदलायचं राहिलं होतं. त्यासाठी गाडी बंद करून तासभर थांबायचं असतं, नाहीतर आतलं उकळतं पाणी झाकणासकट अंगावर येतं. हे आमच्या घरात चुलीवरच्या भांड्यापेक्षा जास्त वेळा सांगितलेलं. झाकण मात्र पुंडलिकराव कुणाला उघडू देत नसत, ते काम त्यांचंच. त्याआधी शकुताईने वरच्या रबरी पाइपवर तळवा ठेवून सांगायचं, गरम की थंड. त्यांच्या बोटांना ते कळत नव्हतं.

“झाला का तास?” त्यांनी विचारलं.

पंधरा मिनिटंसुद्धा झाली नव्हती.

“झाला.”

ते फडकं घेऊन उठले, चाचपडत बॉनेटपाशी आले आणि वाकले. “पाइप धर. गरम की थंड?”

तिने तळवा ठेवला. मी वरून स्पष्ट पाहिलं, तिचा हात चटकन मागे आला. तिने तो दुसऱ्या हातात धरला, मुठीत दाबला. आणि मग मान वर करून माझ्याकडे बघितलं. आम्ही दोघींनी एकमेकींकडे किती वेळ पाहिलं, मला सांगता येणार नाही. मला ओरडता आलं असतं. माझा आवाज गल्लीत सगळ्यात मोठा आहे, असं श्रीपाद नेहमी म्हणतात.

“थंड,” शकुताई म्हणाली.

“हो,” म्हणून त्यांनी झाकण फिरवलं.

त्या किंकाळीने मात्र गल्लीतली सगळी दारं उघडली. वाफेत ते दिसतच नव्हते. दिसले तेव्हा दोन्ही हातांनी चेहरा धरून फरशीवरच्या तेलात लोळत होते, गळ्याची कातडी सोललेली. शकुताईने नळी सोडली आणि त्यांच्यावर गार पाणी धरलं. मी जिन्यात बसून ओकले.

रिक्षाने त्यांना मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात नेलं. नर्सने शर्ट कापून काढला आणि खिशातली चावी शकुताईच्या हातात ठेवली. तिने ती बघितलीही नाही, पर्समध्ये टाकली. संध्याकाळी चौकीतला हवालदार आला, भाजल्याची केस म्हणून.

“कैसे हुआ, अंकल?”

पट्ट्यांतून पुंडलिकराव बोलले. “मेरी गलती. ये बोली थी, गरम है. मैं नहीं माना.”

हवालदाराने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, मी कपडे वाळत घालत होते. ते खोटं नव्हतं.

बाहेर बाकावर बसल्यावर मी शकुताईचा हात धरला. तळव्यावर फोड आला होता. “वाचवलं गं तुला त्यांनी. मला तर वाटून राहिलं होतं की आता...”

“वाचवलं नाही.” ती समोरच्या भिंतीकडे बघत होती. “बायकोने फसवलं असं चार लोकांत सांगतील का ते? त्यापेक्षा ‘मी नाही मानलं’, हे बरं. शोभतं त्यांना.” मग म्हणाली, “जन्मात एक गोष्ट केली राजश्री, चांगली की वाईट देवाला माहीत. तीही त्यांनी आपल्या नावावर करून घेतली.”

ती रडली ती तेव्हा. मी तिची वेणी सुटली होती ती घालून दिली.

तीन आठवड्यांनी त्यांना घरी आणलं. आता तो उजेड-अंधारही गेला. चावीचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही, गौतमला शकुताईने स्वतः जाऊन नको म्हणून सांगितलं. रेडिएटरमध्ये पाणीही तिनेच भरलं. अंगणात त्या वेळी कोणी हुकूम देत नव्हतं आणि तीही एक अक्षर बोलली नाही.

ड्रेसिंगला मात्र दर चार दिवसांनी न्यावं लागतं. परवा मीही सोबत होते. मी मध्ये बसले, पुंडलिकराव खिडकीशी. शकुताई त्यांच्या बाजूच्या दाराशी उभी राहिली. छातीची नवी कातडी अजून कोवळी, म्हणून तिने एक मऊ टॉवेल घडी करून आणला होता, सीटच्या पट्ट्याखाली ठेवायला. पट्टा ओढण्यासाठी तिने हात वर केला. तिचा हात जवळ आलेला त्यांना जाणवला असावा, किंवा बांगड्या वाजल्या असतील.

त्यांनी दोन्ही हात डोक्यावर घेतले आणि मान खांद्यांत ओढून घेतली. तोंडातून बारीकसा आवाज निघाला.

शकुताई हात तसाच वर धरून उभी राहिली. तिला आनंद झाला असेल, असं कुणाला वाटत असेल तर त्याने तिचा चेहरा पाहायला हवा होता. खालच्या ओठावर पान्याचा व्रण आहे, तो हलत होता. मग तिने हात खाली घेतला आणि टॉवेल माझ्या मांडीवर ठेवला.

“तू लाव, राजश्री,” ती म्हणाली आणि वळसा घालून स्टिअरिंगवर जाऊन बसली.

मी टॉवेल ठेवला, पट्टा ओढून लावला. माझ्या हाताला ते घाबरले नाहीत.