मागितलेला आवाज

शलाका दामलेने मागितलं होतं तसंच झालं. मालवणचा किनारा मागे पडला आणि होडीच्या इंजिनाचा आवाज गेला. इंजिन मात्र चालूच होतं. धूर निघत होता, पंखा पाणी कापत होता, होडी सरळ पुढे चालली होती.

चूक झाली ती नारळाच्या वेळी. होडीवाला तात्या तांडेल मोसमाची पहिली फेरी दर्याला नारळ दिल्याशिवाय करत नसे, आणि देताना होडीतल्या प्रत्येकाने आपलं मागणं मोठ्याने सांगायचं, असा त्याचा दंडक होता.

"मनातला दर्याक ऐकाक येना नाय, मॅडमांनू. काय व्हया ता बोला."

त्याने स्वतः धाकट्या भावाची, झिलूची, खुशाली मागितली. झिलू पहाटेच आपली होडी घेऊन जाळी ओढायला एकटा पुढे गेला होता. पुण्याच्या शलाकाला आधी हसूच आलं. पण देवमाशाचा आवाज टिपायला ती कितीदा आली होती, आणि दरवेळी कुणाच्या इंजिनाची घरघर, कुणाच्या रेडिओवरची गाणी आणि तात्याचा खोकला घेऊन परतली होती. ही खेप शेवटची, असं तिच्या संशोधन संस्थेने बजावलं होतं. म्हणून ती ठणकावून म्हणाली, "मला देवमाशाचा आवाज हवा. दुसरा कुठलाच नको."

तात्या जरा थबकला. मग त्याने नारळ सोडला.

इंजिनामागोमाग पक्ष्यांचा आवाज गेला. ते चोची उघडून नुसतेच होडीवर फिरू लागले. मग लाटांचा गेला. तात्या तोंडावर हात धरून खोकला, तेही ऐकू आलं नाही. त्याने खांदे उडवले. मागितलंत ते मिळालं, तक्रार कसली!

शलाकाने माइक पाण्यात सोडला आणि हेडफोन लावले. शेजारच्या घरात कुणी जातं ओढावं तसा देवमाशाचा आवाज आला. तिचे डोळे भरून आले. त्या आवाजामागे, खूप बारीक, इंजिन होतं, पक्षी होते, तात्याचा खोकला होता. वरून गेलेलं सगळं खाली जाऊन पडलं होतं.

तिथेच तिला झिलू ऐकू आला.

"तात्या, होडयेत पाणी भरता रे. बेगीन ये."

तिने होडीतल्या वायरलेसकडे पाहिलं. हाक आली की लागणारा त्याचा लाल दिवा लुकलुकत होता. तात्या त्याच्याकडे पाठ करून, पाण्यावर आलेली देवमाशाची काळी पाठ डोळे भरून बघत होता. आत्ताच्या आत्ता त्याला हलवायला हवं, हे शलाकाला पक्कं कळत होतं. इतक्यात देवमाशाने नवा सूर लावला, इतका स्वच्छ की तिचा हात रेकॉर्डरवरच राहिला.

"एवढं झालं की सांगते," ती म्हणाली. तिचे ओठ हलले. वाक्य खालून, हेडफोनमधून आलं.

झिलूने पुन्हा हाक मारली. आता त्याच्या घशात पाणी होतं. तिने बटण फिरवून ती हाक लहान केली आणि सूर संपेपर्यंत ऐकत राहिली. मग तिला स्वतःची शिसारी आली.

"तात्या! झिलू बुडतोय!"

तात्या वळला नाही. तिने त्याचा खांदा धरून त्याला वायरलेसकडे फिरवलं. दिवा विझला होता. तिने पाण्याकडे बोट दाखवलं, तर त्याने त्या पाठीकडे पाहून कौतुकाने मान डोलावली आणि अंगठा वर करून विचारलं, मिळाला?

देवमासा आता गप्प झाला होता. हेडफोनमध्ये दोनच आवाज उरले होते आणि ते पुन्हा पुन्हा येत होते. तात्या, बेगीन ये. एवढं झालं की सांगते. तात्या, बेगीन ये. एवढं झालं की सांगते.

त्याला सांगायला दुसरी वाट नव्हती. तात्या अजून हसतच होता. शलाकाने हेडफोन काढले आणि त्याच्या कानांवर चढवले.