हेच माझं म्हणणं

धाकट्याला तर्कशास्त्र मी शिकवलं. पण मदरशातली मुलं माझ्या तासाला पेंगायची आणि त्याच्या तासाला दाराबाहेर उभी राहून ऐकायची. माझ्या पोटात दुखायचं, खोटं कशाला सांगू? सख्खा भाऊ असला म्हणून काय झालं?

मदरशाचे मुख्य उस्ताद थकले होते. त्यांच्या जागी आम्हा दोघांपैकी कोण, हे वादसभेत ठरणार होतं. विषय जुनाच होता: अल्लाहचं ज्ञान आणि अल्लाह एकच, की वेगळे? एकच म्हणावं, तर सामर्थ्यही तोच, मग त्याचं ज्ञान आणि त्याचं सामर्थ्य यांत फरक उरत नाही. वेगळे म्हणावेत, तर ज्ञानही अनादि ठरतं आणि अनादि असा तो एकटा राहत नाही.

धाकट्याने उत्तर शोधलं होतं. भाबडेपणाने आठवडाभर आधी मलाच वही दाखवली. ज्ञान म्हणजे तो नव्हे, पण त्याहून वेगळंही नव्हे. कारण वेगळं त्यालाच म्हणायचं, जे दुसऱ्यावाचून राहू शकतं. ‘वेगळं’ या शब्दाची ही व्याख्या वाचून माझा जळफळाट झाला. वीस वर्षांत मला हे सुचलं नव्हतं.

आमच्याकडे रीत अशी, की खंडन करण्याआधी समोरच्याचं मत आपण मांडायचं. तो ‘हेच माझं म्हणणं’ म्हणेपर्यंत पुढे जायचं नाही. सभेत मी त्याचं मत मांडलं आणि व्याख्या तेवढी गाळली. त्याच्या कपाळाला आठी पडली. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि मान डोलावली.

“हेच माझं म्हणणं.”

मग काय, डाव्या हातचा मळ. “कुठलीही गोष्ट एक तर तीच असते, नाही तर वेगळी. तिसरं काही असेल तर दाखव,” मी म्हणालो. त्याने वही मिटली. लोक हसले. उस्तादांनी मला जवळ बोलावून आपल्या जागेवर बसवलं.

सभा उठल्यावर जिन्यात तो भेटला. माझ्याच्याने राहवेना.

“व्याख्या मी सोडली, हे तुला कळलं नाही?”

“कळलं की.”

“मग हो का म्हणालास?”

“दादा, तू सोडलीस म्हणजे तीच चुकीची असणार, असं वाटलं.” त्याने वही उघडून ते पान काढलं. “आता खोडूनच टाकतो. चूकच होती ना?”

“हो,” मी म्हणालो.