सपाटीवर उभी गाडी

आमच्या वाडीत गाडी उभी करायची जागा एकच, उताराच्या तोंडाशी. माझ्या जीपची बॅटरी कधी धडधाकट नव्हती आणि मला त्याचं काही वाटायचंही नाही. चाकाखालचा दगड काढायचा, गाडी घरंगळू द्यायची, गिअर टाकून क्लच सोडायचा, की इंजिन खोकत चालू. वाटेत बंद पडली तर धक्का. त्यातही शिस्त होती. ठमी मागे उजवीकडे, नागू डावीकडे, बाकीचे हात पुरेल तिथे. पदूची जीप म्हणजे चालवणारा एक आणि ढकलणारी वाडी, असं लोक हसायचे. हसेनात का! त्याच जीपनं सगळ्यांना कर्जत दाखवलं.

आता माझी पुतणी रोहिणी नवीकोरी गाडी घेऊन आली. आमच्या ठाकरवाडीतली पोर, गाडी स्वतःची आणि चालवणारीही तीच! मी वरवर नाक मुरडलं, पण आतून छाती फुगली होती. खालापूरच्या हॉटेलात कामाला जाणाऱ्या बायका रोज मनोजच्या टेंपोत उभ्यानं जायच्या. ठमी त्यांची पुढारी. तिनं ठरवलं, एक दिवस रोहिणीच्या गाडीतून जाऊन बघू. पटलं तर रोज तिच्याकडे, नाहीतर आपला टेंपो बरा. पोरीची सगळी भिस्त त्या एका फेरीवर होती. मीही पुढच्या सीटवर बसलो, नजर ठेवायला.

दहिवलीच्या नाक्यावर वाहनं तुंबली. रोहिणीनं गाडी थांबवली, न्यूट्रल केली, क्लचवरचा पाय काढला. इंजिन गप्प.

"गेली बॅटरी!" मी म्हणालो. जुनी सवय, दुसरं काय.

मागची दारं उघडली. बायका पदर खोचून खाली उतरल्या. ठमी मागे उजवीकडे, बाकीच्या हात पुरेल तिथे. मीही उतरलो, बसून राहायची लाज वाटली. मागचे हॉर्न बडवायला लागले, कुणीतरी मोबाईल काढून शूटिंग सुरू केलं.

"अगं, बसा की! बंद नाय पडली," रोहिणी खिडकीतून ओरडली. "थांबलं की ती आपणहून इंजिन बंद करते. पेट्रोल वाचतं."

"मंग पंखा कशावर फिरतोय गं?" ठमीनं विचारलं.

"बॅटरीवर. दिवे, पंखा, समदं तिच्यावर. आन् परत इंजिन चालू पण तीच करते, दिवसातनं किती येळा. म्हणून ती येगळी बनवलेली असते, मावशी. काकाच्या जीपची साधी बॅटरी हिला लावली, तर चार दिवसांत मान टाकंल."

"नवी गाडी आन् भर रस्त्यात गप. आमी नाय बसत," ठमी म्हणाली.

रोहिणीचा चेहरा उतरला. मला माझ्याच जिभेचा राग आला. पण पोरगी आमच्या घरातली, हटली नाही.

"बरं. हात तसंच ठेवा गाडीवर. ढकलू नका."

सगळ्यांनी ठेवले. मीही ठेवला. तिनं क्लच दाबला. तळव्याखाली गाडी जराशी थरथरली आणि चालू झाली. ना खोकला, ना धूर.

ठमीनं हात काढलाच नाही. "परत कर."

रोहिणीनं बटण दाबून इंजिन बंद केलं, परत चालू केलं. मागचा ट्रकवाला ओरडला, तशी ठमी त्याच्यावर उखडली, "थांब रं! आमची पोरगी बॅटरी दाखवतेय!"

पुढे खालापूरपर्यंत जिथे जिथे इंजिन गप्प झालं, तिथे बायका एकमेकींना कोपर मारत म्हणायच्या, "आता बघ."

संध्याकाळी परत आलो. वाडीचा रिवाज आणि काकाचा मान म्हणून रोहिणीनं गाडी उताराच्या तोंडाशी नेली, खाली उतरली आणि चाकाला लावायला दगड उचलला. मी तो तिच्या हातातून काढून घेतला.

"हितं नको. दारात लाव."

"दारात? काका, तिथं सपाट हाय."

"हाय म्हणूनच."

तिच्या आईच्या, सोमीच्या, दारात गाडी लागली. वाडीतली एकही गाडी आजवर अशी सपाटीवर उभी राहिली नव्हती. ठमी घरी जाता जाता थांबली, मागच्या उजव्या कोपऱ्यावर, तिच्या जुन्या जागी, हात ठेवून म्हणाली, "सकाळी हितंच येतो गं आमी. बसायला."