तीसपैकी अठ्ठावीस

बाबांनी चाळीस वर्षं स्वतःच्या दुकानात कानशीनं किल्ल्या घासल्या, कुलपं दुरुस्त केली. सत्तरी ओलांडली आणि त्यांचं काहीतरी बिनसलं. ताईनं "भाजी आणू का?" विचारलं, तर म्हणाले, "आजी? तिला जाऊन तीस वर्षं झाली की!" आधी आम्ही हसलो, मग घाबरलो. एका डॉक्टरांनी घाईघाईत चार प्रश्न विचारले आणि लिहून दिलं : स्मृतिभ्रंश.

दीड वर्षानं, आजार किती वाढलाय ते बघायला, मी त्यांना मोठ्या इस्पितळात नेलं. चाचणी घेणाऱ्या बाई तोंडाला मास्क लावून समोर बसल्या. "आज वार कोणता?"

"जेवून आलोय," बाबा म्हणाले.

महिना चुकला, वर्ष चुकलं. लक्षात ठेवायला तीन शब्द सांगितले, तर ते नुसते बघत राहिले. मी मान खाली घातली.

मग बाईंनी एक कार्ड पुढं धरलं. त्यावर छापलं होतं : 'डोळे मिटा.' बाबांनी लगेच डोळे मिटले.

बाई थबकल्या. त्यांनी कोरा कागद ओढला, बाबांच्या हाताला स्पर्श करून डोळे उघडायला लावले आणि मोठ्या अक्षरात तोच प्रश्न लिहिला.

"मंगळवार. चौदा तारीख."

पुढचं सगळं कागदावर झालं. शंभरातून सात-सात वजा करत बाबा झरझर खाली आले. तिन्ही शब्द पाच मिनिटांनीही बिनचूक सांगितले.

"तीसपैकी अठ्ठावीस," बाई माझ्याकडे वळल्या. "यांची बुद्धी शाबूत आहे. कान कधी तपासलेत?"

कान! बाईंचा कागद ओढून मी लिहिलं, 'ऐकू येत नाही हे सांगितलं का नाहीत?'

बाबा वाचून म्हणाले, "मला वाटलं, तुम्हीच माझ्याशी बोलणं टाकलंत."

आठवड्यानं कानाचं यंत्र आलं. ताईनं हाक मारताच म्हणाले, "ओरडतेस कशाला?" मग शर्ट बदलून दाराशी उभे. "चला, दुकान उघडतो. धूळ साचली असेल."

ताईनं माझ्याकडे बघितलं. दुकान आम्ही वर्षापूर्वीच दुसऱ्याला देऊन टाकलं होतं. मी सांगितलं. प्रत्येक शब्द त्यांना ऐकू आला.

ते खाटेवर टेकले. "माझी कानससुद्धा?"

"हो, बाबा."

तीन दिवस ते आमच्याशी बोलले नाहीत. चौथ्या दिवशी डबा घेऊन निघाले. आता रोज त्याच दुकानात जातात, नव्या मालकाच्या हाताखाली.